मावसभावाशी लग्न आणि मूल : "धोका दुप्पट" म्हणजे नेमका किती?

अर्धविराम

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी आणि माझा मावसभाऊ (आईच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा) लग्न करायचं ठरवतोय. करावं की करू नये यावर घरात पुरेसा ऊहापोह झालाय, त्यामुळे त्यावर सल्ले नकोत, ही आधीच विनंती. प्रश्न फक्त होणाऱ्या मुलांचा आहे.

तीन ठिकाणी विचारलं, तीन उत्तरं मिळाली. एका डॉक्टरांनी कागदावरून मान वर न करता "धोका दुप्पट असतो" एवढंच सांगितलं. मोठी माणसं म्हणतात, आपल्या घरात कुणाला काही नाही, उगाच खूळ डोक्यात घेऊ नका. आणि इंटरनेटवर शोधलं तर असे फोटो समोर येतात की रात्रभर झोप लागत नाही. मला नेमका आकडा हवाय. कुणी नीट समजावून सांगेल का?

(घरात खरंच कुणाला काही आजार नाही. माझ्या धाकट्या भावाला जन्मापासून ऐकू येत नाही, पण ते आईला गरोदरपणात ताप आला होता त्यामुळे.)

तिरपागडा

लॉटरीचं एक तिकीट घेतलं होतं, आता दोन घेतली, तर बक्षीस लागायची शक्यता दुप्पट झाली. म्हणून कुणी नोकरी सोडतं का? "दुप्पट" ऐकलं की आधी विचारायचं, कशाच्या दुप्पट?

रातराणी

तिरपागडा, मुद्दा बरोबर आहे, पण इथे मूळ आकडा लॉटरीइतका लहान नाही.

कुठल्याही जोडप्याचं, नात्यातलं असो वा नसो, बाळ जन्मतः गंभीर व्यंग घेऊन येण्याची शक्यता साधारण २ ते ३ टक्के असते. ही कुणालाच चुकलेली नाही. सख्ख्या चुलत-मामे-आते-मावस भावंडांनी लग्न केलं तर तीत भर पडते. किती? अमेरिकेतल्या जनुकीय समुपदेशकांनी २००२ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र करून १.७ ते २.८ टक्क्यांची भर सांगितली होती. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्ड शहरात २००७ नंतर जन्मलेल्या ११,००० हून अधिक बाळांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जन्मजात व्यंगांचं प्रमाण सुमारे ३ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर गेलेलं दिसलं. "दुप्पट" हा शब्द बहुधा तिथूनच सगळीकडे फिरतोय.

म्हणजे १०० पैकी ९४ बाळांना जन्मतः काही मोठं व्यंग नसतं. त्याच अभ्यासात असंही दिसलं होतं की नात्याबाहेर लग्न केलेल्या, चौतिशी ओलांडलेल्या मातांच्या एका गटातही धोका जवळपास दुपटीने वाढतो. पण उशिरा मूल होऊ देणाऱ्या बाईकडे लोक त्या नजरेने बघत नाहीत.

गणितवेडा

आकडा आला, आता तो येतो कुठून तेही सांगतो, कारण खरी गंमत तिथेच आहे. कंटाळा आला तर खाली सरका.

प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. बरेच आनुवंशिक आजार अप्रभावी प्रकारचे असतात. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तरच आजार दिसतो. एकच बिघडली असेल तर दुसरी काम निभावून नेते. असा माणूस ठणठणीत असतो आणि त्याला आपण वाहक आहोत याचा पत्ताही नसतो. अशा काही ना काही सुप्त बिघाडांचं गाठोडं तुमच्या-माझ्यासकट प्रत्येकाच्या पाठीवर आहे. माझं गाठोडं वेगळं, माझ्या बायकोचं वेगळं. दोघांकडे नेमका एकाच जनुकातला बिघाड असणं हा दुर्मीळ योगायोग, म्हणून बहुतेकांचं निभावतं.

आता मावसभावंडं घ्या. त्यांचे आजी-आजोबा एक. त्या दोघांकडे मिळून कुठल्याही जनुकाच्या ४ प्रती. त्यातली एखादी ठरावीक प्रत आजीपासून मुलीकडे, मुलीकडून नातीकडे, नातीकडून पणतूकडे यायची तर प्रत्येक पायरीला शक्यता निम्मी. एका बाजूने ३ पायऱ्या, दुसऱ्या बाजूने ३, एकूण ६. निम्म्याचं निम्मं सहा वेळा केलं की १/६४. प्रती ४, म्हणून ४/६४, म्हणजे १/१६. या जोडप्याच्या बाळात कुठल्याही एका जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीच्या नकला असण्याची ही शक्यता. टक्क्यांत ६.२५. माणसाची जनुकं साधारण २०,००० धरली तर सरासरी साडेबाराशे जनुकं अशी "जुळी" निघतात. त्यातली जवळजवळ सगळी निरोगीच असतात. पण गाठोड्यातला एखादा बिघाड नेमका तिथे पडला, तर त्याला झाकायला दुसरी चांगली प्रत उरत नाही.

मामा-भाचीच्या बाळात हेच प्रमाण १/८. दोन सख्ख्या भावांनी दोन सख्ख्या बहिणींशी लग्न केलं आणि त्यांच्या मुलांनी आपसात केलं, तरी १/८. नातं एक पिढी लांबलं (आईबापांचे आजी-आजोबा नव्हे, पणजी-पणजोबा एक) की एकदम १/६४, तिथे वाढलेला धोका मूळ २-३ टक्क्यांच्या गर्दीत जवळजवळ हरवतो.

आता खरी मेख. ही वाढ प्रत्येक आजारासाठी वेगळी असते. समजा एखाद्या बिघाडाचा वाहक दर ५० माणसांत एक आहे. नात्याबाहेरच्या जोडप्यांच्या १०,००० बाळांत साधारण १ आजारी निघेल, मावसभावंडांच्या १०,००० बाळांत ७. सातपट. वाहक ५०० त एक असेल तर परक्यांच्या १० लाख बाळांत १, मावसभावंडांच्या १० लाखांत ६३. त्रेसष्टपट! आणि वाहक पाच-सहा माणसांत एक इतका सर्रास असेल तर जेमतेम दीडपट. आजार जितका दुर्मीळ तितका नात्याचा गुणाकार मोठा. "दुप्पट" ही या सगळ्याची मिळून खिचडी आहे.

काजवा

गणितवेडा, हे वाचून गॅरडची आठवण झाली. लंडनचे डॉक्टर आर्चिबाल्ड गॅरड. अल्काप्टोन्यूरिया नावाचा विकार असतो, त्यात लघवी हवेत ठेवली की काळी पडते. बाळाचे लंगोट काळे होतात आणि आई घाबरून डॉक्टरकडे धावते. गॅरडना दिसलं की हा विकार अतिशय दुर्मीळ, पण ज्या घरांत सापडतो तिथे आईबाप एकमेकांची सख्खी चुलत-मामेभावंडं असण्याचं प्रमाण विलक्षण जास्त. आईबापांना स्वतःला मात्र काही नाही. १९०२ साली त्यांनी हे छापलं. मेंडेलचं वाटाण्यांवरचं काम दोनच वर्षांपूर्वी, १९०० मध्ये, विस्मृतीतून वर आलं होतं. इंग्लिश जीवशास्त्रज्ञ बेटसनने सांगितलं की हे अगदी मेंडेलच्या अप्रभावी गुणासारखं वागतंय. माणसातला पहिला आजार जो मेंडेलच्या नियमात बसवला गेला तो हा, आणि धागा सापडला तो नात्यातल्या लग्नांमुळेच.

डार्विनचं तर आणखी विचित्र. त्याने १८३९ मध्ये आपल्या मामेबहिणीशी, एमाशी, लग्न केलं. १० मुलं, त्यातली ३ लहानपणीच गेली. हा माणूस वनस्पतींवर प्रयोग करून दाखवत होता की स्वपरागीकरणाची रोपं खुरटी निघतात, आणि घरी मुलांची दुखणी बघून त्याच्या मनात पाल चुकचुकत होती. १८७१ च्या जनगणनेत नात्यातल्या लग्नाचा प्रश्न घालावा म्हणून त्याने खटपट केली. पार्लमेंटने नाही म्हटलं.

जुनी वही

सगळं मान्य, पण एक शंका. पिढ्यान्‌पिढ्या नात्यातच लग्नं होत असतील तर वाईट जनुकं आजारी मुलांबरोबर आपोआप गळून जात असतील ना? मग अशा घराण्यांत उलट धोका कमी व्हायला हवा. माझ्या ओळखीत तीन पिढ्या अशी लग्नं झालेलं घर आहे, सगळी मुलं हुशार.

गणितवेडा

"गळून जाणं" म्हणजे काय, ते जरा मोठ्याने म्हणून बघा. बाळं दगावणं. तो उपाय म्हणून कोण स्वीकारेल? आणि तेवढं करूनही दुर्मीळ बिघाड फार सावकाश कमी होतात, कारण बहुतेक प्रती निरोगी वाहकांत लपलेल्या असतात.

उदाहरण हवं तर स्पेनचा राजा दुसरा कार्लोस. १६६१ चा जन्म. बापाने सख्ख्या बहिणीच्या मुलीशी लग्न केलेलं, आणि त्याआधीही घराण्यात अनेक पिढ्या हेच चाललेलं. नुसत्या मामा-भाचीच्या नात्याने १/८, म्हणजे ०.१२५ यायला हवं. स्पॅनिश संशोधकांनी २००९ मध्ये अख्खी वंशावळ धरून हिशेब केला तर ०.२५४ आलं. सख्ख्या भावा-बहिणीच्या मुलाला येतं त्याहून किंचित जास्त. उशिरा बोलायला-चालायला लागला, आयुष्यभर आजारी, दोन लग्नं करून मूल नाही, १७०० मध्ये ३८ व्या वर्षी गेला आणि स्पेनमधलं हॅब्सबर्ग घराणं संपलं. इतक्या पिढ्यांत काही "गळून" गेलं नव्हतं.

तुमच्या ओळखीतल्या घराचं म्हणाल तर तीही शक्यताच आहे. १०० त ९४, वर आलंच आहे.

काजवा

राजघराण्यांवरून आठवलं, व्हिक्टोरिया राणीच्या वंशातला हिमोफिलियाही (रक्त नीट न गोठण्याचा विकार) नात्यातल्या लग्नांमुळेच ना?

रातराणी

नाही! हा गैरसमज काही जात नाही. हिमोफिलियाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलग्याला एक्स मिळतो तो फक्त आईकडून, बापाकडून वाय. त्यामुळे आई वाहक असली की मुलग्याला निम्मा धोका, बाप नात्यातला असो की सातासमुद्रापारचा. व्हिक्टोरियाच्याच वंशातला रशियाचा युवराज अलेक्सेई याचा आजार आईच्या एक्समधून आला. २००९ मध्ये अवशेषांच्या डीएनएवरून तो हिमोफिलिया बी होता हेही नक्की झालं. लाल-हिरवा रंगांधपणा, डुशेन प्रकारची स्नायूंची दुर्बलता यांचंही मुलग्यांत हेच.

तसंच हंटिंग्टन (मेंदूचा विकार), अकॉन्ड्रोप्लेसिया (ठेंगूपणाचा एक प्रकार) असे प्रभावी प्रकारचे विकार नात्यामुळे वाढत नाहीत, कारण तिथे एकच बिघडलेली प्रत पुरते. डाऊन सिंड्रोम ही गुणसूत्रांच्या वाटणीतली चूक, तिचा मुख्य संबंध आईच्या वयाशी. नात्यातल्या लग्नाच्या माथी लोक काय वाट्टेल ते मारतात.

गणितवेडा

एक्सचा विषय निघालाच आहे तर एक अवांतर, राहवत नाही म्हणून. बाकीच्या गुणसूत्रांना चुलत, मामे, आते, मावस चारही सारखीच, १/१६. पण होणाऱ्या मुलीच्या एक्स गुणसूत्राला फरक कळतो! मुलग्याने चुलतबहीण किंवा आतेबहीण केली तर एक्सच्या बाबतीत शून्य, कारण त्याचा एक्स आईकडून आलेला आणि नातं वडिलांकडचं. मामेबहीण केली तर १/८. मावसबहीण केली तर ३/१६, सगळ्यात जास्त. आपल्या मराठीत चारही नात्यांना वेगळे शब्द आहेत ते बरंच झालं, नाहीतर हे समजावता समजावता दमलो असतो. व्यवहारात याने फारसं बिघडत नाही, पण कागद-पेन्सिल घेऊन करून बघण्यासारखं आहे.

डॉ. घुबड

(वैद्यकीय व्यवसायात आहे. पण हा सल्ला म्हणजे तपासणी नव्हे, हे गृहीत धरा.)

इतके प्रतिसाद झाले आणि धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ कंसातच राहिली. अर्धविराम, तुमच्या भावाला जन्मापासून ऐकू येत नाही. वरची सगळी टक्केवारी "घरात काहीही माहीत नाही" अशा जोडप्यांसाठी आहे. तुम्ही त्या गटात नाही.

गरोदरपणातल्या संसर्गाने बाळ बहिरं होऊ शकतं. रुबेला आणि सायटोमेगॅलोव्हायरस ही त्यातली मोठी नावं. पण "ताप आला होता" एवढ्यावर ते सिद्ध होत नाही. नऊ महिन्यांत एकदा ताप कुणाला येत नाही? जन्मजात बहिरेपणात निम्म्याहून जास्त वेळा कारण जनुकीय असतं, आणि त्यातलं बहुतांश अप्रभावी प्रकारचं. आईबाप दोघं ऐकणारे, घराण्यात मागे कुणी नाही, हे त्याविरुद्धचं लक्षण नव्हे. अप्रभावी आजार असाच अचानक उगवतो. "आमच्या घरात कुणालाच नाही" हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा ऐकतो, आणि बहुतेक वेळा आजारी मूल मांडीवर असतं.

समजा भावाचं कारण अप्रभावी जनुकीय आहे. मग हिशेब असा. आई आणि वडील दोघं वाहक. त्यांच्या मुलांत चार शक्यता, त्यातली "दोन्ही प्रती बिघडलेल्या" ही तुमच्याबाबत बाद, कारण तुम्ही ऐकू शकता. उरल्या तीन, त्यातल्या दोन वाहकाच्या. म्हणजे तुम्ही वाहक असण्याची शक्यता २/३. आई वाहक म्हणून मावशी १/२, म्हणून मावसभाऊ १/४. दोघं वाहक असाल तर प्रत्येक गर्भधारणेत १/४. गुणाकार २/३ × १/४ × १/४ = १/२४. साधारण ४ टक्के, फक्त या एका कारणापायी. बाहेरच्या, दर ५० त एक वाहक अशा समाजातल्या जोडीदाराबरोबर तोच हिशेब १/३०० येतो.

पण हा हिशेब करत बसू नका. पहिली तपासणी भावाची करा. तुमची नाही, मावसभावाची नाही, भावाची. बहिरेपणाची शंभराहून जास्त जनुकं माहीत आहेत. आधी त्याच्यात कुठलं कुलूप बिघडलंय ते कळलं तर तुम्हा दोघांकडे नेमकं तेवढंच बघता येतं. उलट केलं, म्हणजे तुम्हीच दोघं सगळं तपासत बसलात, तर अर्थ न लागणाऱ्या शंभर गोष्टी सापडतील आणि झोप आणखी उडेल.

आणि भावाच्या स्वतःच्या भल्यासाठीही. काही प्रकारांत बहिरेपणाबरोबर पुढे दृष्टी जाते, काहींत हृदयाची लय बिघडते आणि मूल अचानक चक्कर येऊन पडतं. त्याचा ईसीजी आणि डोळ्यांचा पडदा कधी बघितलाय का?

बोलकी बोटं

मी स्वतः जन्मापासून बहिरी. नवराही बहिरा. दोघांचं नातं काही नाही. आम्हाला दोन मुलं आहेत, दोन्ही ऐकणारी, कारण आमची जनुकं वेगळी निघाली. माझ्यातलं जे बिघडलंय ते त्याच्यात चांगलं आहे, त्याच्यातलं माझ्यात. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्यात दोघांचं तेच जनुक, त्यांची तिन्ही मुलं बहिरी आणि घर अगदी मजेत. हे सांगायचं कारण, वर सगळे "आजार", "बिघाड", "धोका" म्हणताहेत. रक्ताचे, मेंदूचे जीवघेणे विकार आणि ऐकू न येणं एकाच पोत्यात घालू नका. आणि भावाची तपासणी करायची तर भावाला विचारा. त्याच्याबद्दल धागा निघालाय हे त्याला माहीत आहे का?

अर्धविराम

नव्हतं माहीत. खरंच सांगते, हे वाचून लाज वाटली. रात्री त्याला पूर्ण धागा वाचायला दिला. डॉ. घुबड यांना नमस्कार सांगितलाय आणि बोलकी बोटं यांना टाळ्या (हात वर करून, त्याच्या पद्धतीने). त्याने एकच विचारलं, "मला ताप लागला नव्हता, मग सगळे मला तापाचा मुलगा का म्हणतात?" तो तपासणीला तयार आहे.

तिरपागडा

एक वेडा प्रश्न. चारात एक म्हणजे पहिलं मूल तसं झालं की पुढची तीन सुटली ना?

गणितवेडा

नाही हो. नाण्याला आठवण नसते. प्रत्येक गर्भधारणेत नव्याने चारात एक. दोघं वाहक असलेल्या जोडप्याची तिन्ही मुलं सुटण्याची शक्यता २७/६४, म्हणजे सुमारे ४२ टक्के. तिघांत निदान एकाला तरी होण्याची ५८. आणि "पहिलं तसं झालं, आता कोटा संपला" म्हणून दुसऱ्यांदा बेसावध राहिलेली माणसं असतात, म्हणून हा प्रश्न वेडा अजिबात नाही.

काजवा

नात्यात लग्न केलं नाही म्हणजे सुटलो असंही नाही. प्रशांत महासागरात पिंगेलॅप नावाचं चिमुकलं बेट आहे. १७७५ च्या सुमारास वादळात जेमतेम वीसेक माणसं वाचली. त्यांच्यातल्या एका वाहकामुळे आज तिथे शंभरात पाच ते दहा माणसांना रंग मुळीच दिसत नाहीत आणि उन्हात डोळे उघडवत नाहीत. कुणी कुणाशी लग्न करा, पूर्वज तेच. थॅलेसीमिया, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारांचे वाहक काही समाजांत इतके आहेत की पूर्ण परकी जोडपीही सापडतात. तिथे नातं न बघता रक्त तपासावं लागतं. टे-सॅक्स या लहानपणीच जीव घेणाऱ्या मज्जासंस्थेच्या आजाराचं १९७० च्या दशकात अमेरिका-कॅनडातल्या ज्यू समाजात तसंच केलं, लग्नाआधी किंवा मूल होऊ देण्याआधी वाहक-तपासणी, आणि त्या समाजात तो आजार ९० टक्क्यांहून जास्त घटला.

अर्धविराम

अडीच महिन्यांनी धागा वर काढतेय.

भावाचा रिपोर्ट आला. जीजेबी२ नावाचं जनुक, कनेक्झिन २६ प्रथिनाचं. ईसीजी आणि डोळे व्यवस्थित. दोन्ही प्रती बिघडलेल्या, पण दोन वेगवेगळ्या ठिकाणी. एक बदल आईत सापडला, दुसरा वडिलांत. माझ्यात वडिलांकडचा आहे, आईकडचा नाही.

आईने रिपोर्ट दोनदा वाचून घेतला. मग म्हणाली, "म्हणजे ताप नव्हता." आणि स्वयंपाकघरात निघून गेली. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. इतकी वर्षं ते एका अक्षराने तिला काही म्हणाले नव्हते, पण तिचं ऐकूनही घेत होते. निम्मं आपल्याकडून गेलंय हे त्यांनाही आत्ताच कळलं.

जुनी वही

अरे वा, मग सुटलात की! मावसभावाशी नातं आईकडून, आणि तुमच्याकडे आहे तो वडिलांकडचा बदल. तो त्याच्याकडे असायचं कारणच नाही.

गणितवेडा

थांबा थांबा. पेढे वाटू नका. बदल वेगळे असले तरी जनुक एकच. भावाचंच बघा, वडिलांकडचा एक आणि आईकडचा एक मिळूनच त्याला ऐकू येत नाही. मावसभावाकडे आईच्या माहेरचा बदल असेल, आणि बाळाने तुमच्याकडून वडिलांचा व त्याच्याकडून तो उचलला, तर जोडी भावासारखीच जमली. उलट आता तुम्ही नक्की वाहक आहात, त्यामुळे २/३ च्या जागी १ घ्या. १ × १/४ × १/४ = १/१६. धोका १/२४ होता तो वाढला.

अर्धविराम

म्हणजे तपासणी करून वाढला?!

डॉ. घुबड

तपासणीने वाढत नाही, तुम्हाला दिसायला लागतो. आणि १/१६ हा आकडा तुमचा नाहीच. मावसभावाची तपासणी झाली की तो एकतर १/४ होईल नाहीतर जवळजवळ शून्य. मधलं काही नाही. सरासरी ही ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी. त्याची या जनुकाची पूर्ण तपासणी करून घ्या, नुसता आईचा बदल नव्हे, कारण त्याला त्याच्या वडिलांकडूनही दुसरा एखादा मिळालेला असू शकतो.

हे झालं तरी नात्यामुळे येणारी इतर आजारांची सर्वसाधारण भर उरतेच. त्यासाठी दोघांची एकत्र वाहक-तपासणी करता येते, शेकडो जनुकांची. ती "स्वच्छ" आली तर धोका बराच कमी होतो, शून्य होत नाही. ज्या आजारांची जनुकं अजून माहीत नाहीत ती यादीत नसतात. हिमोग्लोबिनची साधी तपासणी वेगळी करून घ्या, थॅलेसीमियासाठी. आणि काही सापडलंच तर वाटा आहेत. ११ ते १४ आठवड्यांत वारेच्या पेशी, पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजल, किंवा टेस्ट ट्यूबमधल्या भ्रूणाची तपासणी, किंवा काहीच न करणं. जन्मानंतर पहिल्याच महिन्यात श्रवण-चाचणी मात्र चुकवू नका.

बोलकी बोटं

आणि पहिल्याच महिन्यात खुणांची भाषा. श्रवणयंत्र, इम्प्लांट जे करायचं ते करा, पण बाळ भाषेविना वर्षभर थांबवू नका. माझी पाच वर्षं तशी गेली.

अर्धविराम

मावसभावाचा रिपोर्ट काल आला. आईकडचाच बदल. वाहक. म्हणजे चारात एक.

दोघांची मोठी तपासणी पुढच्या महिन्यात आहे, त्याचं काय निघेल ते निघेल. थॅलेसीमियाचं काही नाही. लग्नाचा विचार बदललेला नाही. गर्भातली तपासणी करायची की नाही यावर आमचं दोघांचं अजून जमत नाही. तो म्हणतो कळलेलं बरं, मी म्हणते कळून काय करणार ते आधी ठरव.

संध्याकाळी भावाला रिपोर्ट दाखवला. त्याने आकडा बघितला, बोटांवर चार मोजले, त्यातलं एक स्वतःकडे वळवलं आणि खूण केली, "एक माझ्या टीममध्ये." मावसभाऊ हसला. आई नाही हसली.